दुधाची पिशवी घेताना

मावा जिलेबीच्या बऱ्हाणपुरात दूध ओळखायला शिकवावे, हे धाडसच. तरी लिहितो. मध्यंतरी एका घरी चार महिन्यांच्या तान्ह्याला बाटली चालू होती. डबा पाहिला, तो ‘डेअरी व्हाइटनर’चा, म्हणजे चहात घालायची, साखर मिसळलेली पूड. आईला दोष कसा द्यावा? डब्यावर गायीचे चित्र होते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. ते पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारावे, दुकानदाराला नव्हे.

आता पिशवीकडे वळू. तिच्या रंगावर जाऊ नका. तो कंपनीगणिक बदलतो. दोन आकडे वाचा. ‘फॅट’ म्हणजे स्निग्धांश, आणि ‘एसएनएफ’ म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार. फुल क्रीममध्ये स्निग्धांश निदान 6 टक्के, स्टँडर्डमध्ये 4.5, टोन्डमध्ये 3 आणि डबल टोन्डमध्ये 1.5 टक्के असतो. दुसरा आकडा मात्र सर्वांत साडेआठ ते नऊच्या घरात राहतो.

टोन्ड म्हणजे पाणी घातलेले दूध, असे पुष्कळजण समजतात. पाणी असते हे खरे. पण त्याबरोबर साय काढलेल्या दुधाची भुकटीही घालतात, म्हणून प्रथिने टिकतात. म्हशीचे दाट दूध अधिक लोकांना परवडावे म्हणून दारा खुरोडी यांनी 1946 साली मुंबईत ही युक्ती काढली. गवळ्याच्या पाण्यात अशी भुकटी नसते! वाढत्या मुलांना फुल क्रीम द्यावे. ज्यांना चरबी कमी करायला सांगितले आहे, त्यांनी टोन्ड घ्यावे.

‘फ्रोझन डेझर्ट’ हे आइस्क्रीम नव्हे. त्यात वनस्पतीजन्य चरबी असते. स्वस्त पनीरमध्येही कधी पामतेल निघते, तेव्हा बांधीव पाकिटावर ‘अ‍ॅनालॉग’ शब्द आहे का ते पाहावे.

सणाला खवा आणाल तेव्हा त्यातला चिमूटभर पाण्यात उकळा. पूर्ण गार झाल्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पीठ आहे. तपासलेला तुकडा फेकून द्यावा, मुलांच्या हाती लागू देऊ नये. निळा रंग आला नाही, तरी तेल नाही असे मात्र यावरून ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.