एच.आय.व्ही., पोटाचा घेर आणि हृदय



एच.आय.व्ही.चा पाठ घेताना आपण फळ्यावर अजूनही तीच लक्षणं लिहितो. वजन घटणे, सततचा ताप, जुलाब. मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, "सर, मग ज्याचं पोट सुटलंय त्याला एच.आय.व्ही. नसतोच ना?" वर्ग हसला. माझ्याकडे मात्र नीट उत्तर नव्हतं, म्हणून वाचायला बसलो.

१ एप्रिल २००४ पासून आपल्याकडे सरकारी केंद्रांत ए.आर.टी.ची औषधं मोफत मिळू लागली. नियमित गोळ्या घेणारा माणूस आज म्हातारपण गाठतो, आणि तिथे हृदयविकाराचा प्रश्न उभा राहतो. एच.आय.व्ही. असलेल्यांत हा धोका इतरांच्या साधारण दुप्पट आहे.

यात पोटाचा संबंध कुठे येतो? चरबी दोन ठिकाणी साठते. एक कातडीखाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी आत, आतडी आणि यकृताभोवती. ही चिमटीत येत नाही, पोट नुसतं घट्ट आणि पुढे आलेलं दिसतं. खरी त्रासदायक हीच. तिच्यातून स्निग्ध आम्लं आणि दाह वाढवणारे पदार्थ थेट यकृताकडे जातात, मग ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, इन्सुलिन नीट काम करत नाही. त्यात रक्तातला विषाणू औषधाने दबला तरी शरीरात मंद दाह चालूच राहतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. म्हणजे मार दोन्हीकडून.

जुन्या औषधांचाही यात वाटा होता. स्टॅव्हुडिनमुळे गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. हल्लीच्या डोल्युटेग्राविरवर काहींचं वजन वाढतं. पण म्हणून गोळ्या सोडायच्या का? अजिबात नाही! २००६ च्या 'स्मार्ट' अभ्यासात औषधं मध्येच थांबवणाऱ्या गटात मृत्यू तर जास्त झालेच, हृदयाचे त्रासही वाढले.

२०२३ मध्ये आलेला 'रिप्रीव्ह' अभ्यास मला सगळ्यात आशादायक वाटला. भारतासह १२ देशांतले, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण. रोज पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र काही स्टॅटिन एच.आय.व्ही.च्या काही औषधांसोबत चालत नाहीत. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच आणू नये, ए.आर.टी. केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावं. तंबाखू आणि मिश्री सोडणं, रोज भरभर चालणं हे आहेच. नुसत्या पोटाच्या व्यायामाने आतली चरबी नेमकी तिथूनच जात नाही, हे आमच्या स्टाफरूममध्ये कोणी मानत नाही!

घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा धरतात. हे आकडे मोठ्यांसाठी आहेत, वर्गात मुलांची पोटं मोजू नका, चिडवाचिडवी होते. मी स्वतःचं मोजून दाखवलं, ९४ निघालं. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, टेप एक दिवस घरी नेऊ का?" कोणासाठी ते मी विचारलं नाही. टेप दिली.