शेवटचे सहा सेकंद

(मैदानावर अकरा खेळाडू खेळतात आणि मैदानाबाहेर लाखो चाहते त्यांच्याबरोबर मनाने खेळतात. संघ जिंकला की चाहते त्याला डोक्यावर घेतात आणि हरला की एखाद्याच खेळाडूच्या माथी सगळा दोष मारतात. हे योग्य आहे का? भंडारा जिल्ह्यातील सानगडी या गावातील चहाच्या टपरीवर घडलेल्या एका प्रसंगातून या पाठात हा प्रश्न मांडला आहे.)

५ ऑगस्ट २०२१ ची सकाळ होती. सानगडीत रात्रभर पाऊस पडला होता. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांध्या पाण्याने तुडुंब भरल्या होत्या. एरवी अशा दिवशी सकाळी सात वाजता चौकात कोणी थांबत नाही. जो तो शेताकडे निघालेला असतो. पण त्या दिवशी चौकातल्या चहाच्या टपरीपुढे पंधरा-वीस माणसे उभी होती. कोरोनाची साथ अजून पुरती गेली नव्हती. कोणाच्या तोंडाला मास्क होता, तर कोणी नाकातोंडावर दुपट्टा बांधला होता. सर्वांचे डोळे टपरीतल्या लहानशा टीव्हीकडे लागले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात कांस्यपदकासाठी हॉकीचा सामना सुरू होता.

भारताने ऑलिंपिकमध्ये हॉकीचे शेवटचे पदक १९८० साली मॉस्को येथे जिंकले होते. ते सुवर्णपदक होते. त्यानंतर एकेचाळीस वर्षे भारताची झोळी रिकामीच होती. टपरीपुढे उभ्या असलेल्या अनेकांनी भारताला ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक मिळालेले कधी पाहिलेच नव्हते.

सामन्याच्या दुसऱ्याच मिनिटाला जर्मनीने गोल केला. सतराव्या मिनिटाला सिमरनजीतसिंगने बरोबरी साधली. पण जर्मनीने लागोपाठ आणखी दोन गोल केले आणि भारत १-३ असा मागे पडला.

"झाले! बंद करा तो टीव्ही. रोवणीला उशीर होतो आहे," एक जण म्हणाला.

"हे नेहमीचेच आहे. आपले खेळाडू ऐन वेळी हातपाय गाळतात," दुसऱ्याने री ओढली.

कोपऱ्यातल्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. गावात सर्व जण त्यांना चाचा म्हणतात. ते शांतपणे म्हणाले, "सामना अजून संपला नाही, बेटा. चहा घे आणि बस."

चाचांचे बोलणे खरे ठरले. हार्दिकसिंग आणि हरमनप्रीतसिंग यांनी दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. मध्यंतराला ३-३ अशी बरोबरी झाली. मध्यंतरानंतर रूपिंदरपालसिंग आणि सिमरनजीतसिंग यांनी आणखी दोन गोल करून भारताला ५-३ अशी आघाडी मिळवून दिली. आता चौकात पाय ठेवायला जागा उरली नाही. रोवणीला निघालेल्या बायाही रस्त्यात थांबल्या. पण अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला जर्मनीने चौथा गोल केला आणि सर्वांचा जीव टांगणीला लागला.

सामना संपायला अवघे सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला.

पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. आक्रमण करणाऱ्या संघाचा एक खेळाडू गोलच्या बाजूला मैदानाच्या मागील रेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो. अर्धवर्तुळाबाहेर उभा असलेला त्याचा साथीदार तो अडवतो आणि दुसरा साथीदार चेंडू गोलकडे जोराने फेकतो. त्या वेळी बचावासाठी गोलरेषेमागे गोलरक्षक धरून फक्त पाच खेळाडू असतात. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. कसलेल्या खेळाडूने फेकलेला चेंडू ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही अधिक वेगाने येतो. विचार करायला वेळच मिळत नाही. जे काही करायचे, ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करावे लागते.

भारताचा गोलरक्षक होता केरळचा पी. आर. श्रीजेश. तो एका शेतकऱ्याचा मुलगा. गोलरक्षकाचे साहित्य महाग असते. ते घेण्यासाठी त्याच्या वडिलांनी घरची गाय विकली होती.

टपरीवर कोणी बोलेना. चहा उकळून ऊतू गेला तरी टपरीवाल्या भाऊंचे तिकडे लक्ष नव्हते. जर्मन खेळाडूने चेंडू फेकला. श्रीजेशने तो अडवला. शिट्टी वाजली. भारत ५-४ असा जिंकला होता!

मग काय विचारता! माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली. "या गोलकीपरला तोड नाही!" असे सर्व जण एकाच सुरात म्हणू लागले. टीव्हीवर श्रीजेश गोलच्या चौकटीवर चढून बसलेला दिसत होता. टपरीवाल्या भाऊंनी जाहीर केले, "आजचा चहा माझ्याकडून!"

चाचा मात्र गप्प होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मी जवळ जाऊन विचारले, "चाचा, आनंदाच्या वेळी हे काय?"

ते म्हणाले, "सर, मला दुसराच एक गोलकीपर आठवला. त्याचा मी अपराधी आहे."

चाचांनी जी हकिकत सांगितली ती अशी.

१९८२ साली दिल्लीत एशियाडचे सामने झाले. १ डिसेंबरला हॉकीचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध पाकिस्तान. पंतप्रधान इंदिरा गांधी सामना पाहण्यासाठी हजर होत्या. चाचा तेव्हा ऐन पंचविशीत होते. सानगडीत धानाची मळणी चालू होती. काम टाकून तरुण मंडळी सायकलच्या दुकानात रेडिओभोवती जमली. पहिला गोल भारताने केला. मंडळींनी जल्लोष केला. पण त्यानंतर पाकिस्तानने एकामागून एक सात गोल केले. भारत १-७ असा हरला. भारताचा गोलरक्षक होता मीररंजन नेगी.

"दुसऱ्या दिवसापासून अफवा पसरली," चाचा सांगत होते, "की नेगीने पैसे खाल्ले, सामना विकला. मी ती ऐकली आणि दहा जणांना सांगितली. चौकात उभा राहून त्याला शिव्या दिल्या. सर्वांपेक्षा मोठ्याने मीच ओरडत होतो. सामना पाकिस्तानशी होता ना! कोणी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू नये, असेही तेव्हा मनात असेल. पण सर, खरी गोष्ट सांगू? तो सामना मी पाहिलाच नव्हता. फक्त ऐकला होता. न पाहिलेल्या सामन्यात मी एका माणसाला चोर ठरवले!"

चाचा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "चेंडू गोलकीपरपर्यंत येतो, तेव्हा तो बाकीच्या दहा जणांना चुकवून आलेला असतो. एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही."

चाचांचे म्हणणे योग्यच होते. नेगी यांच्यावरचा आरोप कधीही सिद्ध झाला नाही. पण शिक्षा मात्र त्यांना भोगावी लागली. देशद्रोही असा शिक्का त्यांच्यावर बसला. भारतीय संघाचे दार त्यांना बंद झाले. पुढे कित्येक वर्षे ते मैदानापासून दूरच राहिले.

तरीही त्यांनी हॉकीशी वैर धरले नाही. १९९८ साली बँकॉकच्या एशियाडसाठी ते भारतीय संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक झाले. त्या संघाचा कर्णधार होता पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी होता. तो बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलरक्षक आशिष बल्लाळ याने स्ट्रोक अडवले आणि बत्तीस वर्षांनी एशियाडचे सुवर्णपदक भारताकडे आले. पुढे २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघालाही नेगी यांचे मार्गदर्शन लाभले. २००७ साली 'चक दे! इंडिया' हा चित्रपट निघाला. त्यातील मुलींना हॉकीचे धडे त्यांनीच दिले.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८२ च्या त्याच एशियाडमध्ये भारताच्या महिला हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राचीच होती. तिचे नाव एलिझा नेल्सन. तो सात गोलांचा पराभव आजही लोकांच्या तोंडी आहे. पण ते सुवर्णपदक किती जणांना आठवते?

एवढ्यात एक मुलगा म्हणाला, "चाचा, ते जुन्या काळचे झाले. आता लोक सुधारले."

मी खिन्नपणे हसलो. आदल्याच दिवशी, ४ ऑगस्टला, भारताचा महिला संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून १-२ असा हरला होता. संघातली वंदना कटारिया हरिद्वारजवळच्या रोशनाबादची. चारच दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने एकाच सामन्यात तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला. पण संघ हरताच काही लोकांनी तिच्या घरासमोर फटाके फोडले आणि जातीवरून शिवीगाळ केली, अशी तक्रार तिच्या घरच्यांना पोलिसांत करावी लागली. ही हकिकत मी त्या मुलाला सांगितली. त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी, ६ ऑगस्टला, त्याच मुलींचा कांस्यपदकासाठी ब्रिटनशी सामना होता. पाऊस थांबला नव्हता. तरी टपरीवर मंडळी पुन्हा जमली. भारत ०-२ असा मागे पडला. मग गुरजीत कौरने दोन आणि वंदनाने एक गोल करून ३-२ अशी आघाडी मिळवली. शेवटी मात्र ब्रिटनने ४-३ असा विजय मिळवला. आपल्या मुली मैदानावरच रडू लागल्या.

टपरीवर शांतता पसरली. गर्दीतून एक आवाज आला, "त्या गोलकीपरनेच जर..."

त्याचे वाक्य पुरे झाले नाही. कालचाच तो मुलगा मागे वळून म्हणाला, "दादा, चेंडू तिच्यापर्यंत आला कसा, ते आधी सांगा."

बोलणारा गप्प झाला. चाचा बाकावरून उठले. त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला आणि टीव्हीकडे पाहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या टाळ्या टोकियोपर्यंत पोहोचणार नव्हत्या. तरीही एकेक करून सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मग मंडळी पावसातच रोवणीला निघाली.

विद्यार्थी मित्रांनो, आपला संघ हरला की वाईट वाटणारच. ज्याला वाईट वाटत नाही, तो चाहताच नव्हे. पण दुःख करणे वेगळे आणि दोषी शोधत फिरणे वेगळे. शेवटच्या सहा सेकंदांत श्रीजेशचा हात थोडा उशिरा हलला असता, तर त्या चौकात आपण त्याच्याविषयी काय बोललो असतो? हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.

शब्दार्थ

बांधी - धान लावण्यासाठी बांध घालून केलेला शेताचा भाग
रोवणी - धानाची रोपे चिखलात लावण्याचे काम
दुपट्टा - खांद्यावर किंवा डोक्याला घ्यायचे वस्त्र
हकिकत - घडलेली गोष्ट
जल्लोष - मोठ्याने केलेला आनंद
प्रशिक्षक - शिकवून तयार करणारा
उपांत्य - शेवटच्याच्या आधीचा
खिन्नपणे - उदास होऊन

वाक्प्रचार

डोक्यावर घेणे - फार कौतुक करणे
माथी मारणे - दुसऱ्यावर लादणे
हातपाय गाळणे - धीर सोडणे
री ओढणे - दुसऱ्याच्या बोलण्याला होकार देत तेच म्हणणे
जीव टांगणीला लागणे - फार काळजी वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टोकियोपूर्वी भारताला ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक कोणत्या साली मिळाले होते?
(आ) श्रीजेशच्या वडिलांनी गाय का विकली?
(इ) १९८२ च्या एशियाडमध्ये महिला हॉकी संघाची कर्णधार कोण होती?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) विजयाच्या आनंदातही चाचांचे डोळे भरून आले.
(आ) लेखक खिन्नपणे हसले.

प्र. ३. 'चेंडू गोलकीपरपर्यंत येतो, तेव्हा तो बाकीच्या दहा जणांना चुकवून आलेला असतो.' या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

प्र. ४. मैदान, हकिकत, अफवा, नजर, हजर हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दू उच्चार व लेखन मराठीशी ताडून पाहा. 'राग' आणि 'शिक्षा' या शब्दांचे मराठीतील अर्थ मात्र वेगळे आहेत. ते शोधून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

प्र. ५. न पाहिलेल्या गोष्टीविषयी ऐकीव माहितीवरून तुम्ही कोणाला कधी दोष दिला आहे का? त्याविषयी आठ-दहा ओळी लिहा.