पॉलिशनंतर रंगावर उमटणारे चक्राकार ओरखडे : परीक्षा व उपाय

पावसाळा संपून दसरा जवळ आला, म्हणजे नांगर, कोयते व विळे यांबरोबर शेतकऱ्याच्या दारांतील ट्रॅक्टर, जीप व मोटारगाडी हींही धुऊन पुसून पूजेसाठीं सज्ज होतात. याच सुमारास पुष्कळ गाड्या पॉलिशसाठीं गॅरेजमध्यें जातात. संध्याकाळीं गाडी घरीं येते तेव्हां आरशासारखी दिसते. परंतु दुसऱ्या दिवशीं ती उन्हांत उभी केली, कीं बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा चमकूं लागतात. गॅरेजच्या भाषेंत यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. आम्ही या लेखांत त्यांना चक्राकार ओरखडे म्हणूं. ते दिसतांच मालक पुन्हां पॉलिश करून घेण्याच्या मागें लागतो, आणि ही घाईच नुकसानीची आहे. ओरखडा कोणत्या जातीचा आहे हें न ओळखतां केलेलें प्रत्येक पॉलिश रंगाचा थर झिजवितें, व झिजलेला थर परत येत नाहीं. म्हणून आधीं परीक्षा व मग उपाय, या क्रमानें हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

रंगाची रचना

हल्लींच्या बहुतेक मोटारगाड्यांच्या पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा प्रायमर, त्यावर रंग, व सर्वांत वर एक रंगहीन पारदर्शक थर असतो. या वरच्या थरास रंगारी ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. कारखान्यांत दिलेल्या सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन, व त्यांतील क्लिअरची ३५ ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर गाडीची झिलई व रंगाचें संरक्षण अवलंबून आहे, तो केंसाहूनही पातळ आहे. उन्हाचा मारा सोसणारीं द्रव्यें याच थरांत मिसळलेलीं असतात. तो झिजला, कीं खालचा रंग विटूं लागतो, पुढें पापुद्रे सुटतात, आणि जेथें पत्रा उघडा पडतो तेथें पावसाळ्यांत गंज धरतो.

जुन्या गाड्यांवर व पुष्कळशा ट्रॅक्टरांवर मात्र वेगळा क्लिअर नसतो. रंग व झिलई एकाच थरांत असतात. हें ओळखण्याची रीत सोपी आहे. न दिसणाऱ्या जागीं थोडें पॉलिश लावून पांढऱ्या कापडानें चोळावें. कापडावर गाडीचा रंग उतरला तर थर एकच आहे. न उतरला तर वर क्लिअर आहे. गाडी पांढरी असल्यास काळें कापड घ्यावें.

पॉलिश ओरखडा भरून काढतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे; ती बरोबर नाहीं. पॉलिशमध्यें ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी कठीण व अतिशय बारीक भुकटी असते. ही भुकटी ओरखड्याच्या दोन्ही कांठांचा पृष्ठभाग घासून त्याच्या तळाइतका खालीं आणते. शेत सपाट करतांना उंचवट्याची माती आपण सखल भागांत ओढतों. येथें मात्र उंचवट्याची माती सखल भागांत पडत नाहीं, ती शेताबाहेर जाते. बारीक पॉलिशचा एक हात साधारण एक-दोन मायक्रॉन थर नेतो. जाड रबिंग कंपाउंड व वॉटर पेपर याच्या कितीतरी पट नेतात.

परीक्षा कशी करावी

गाडी प्रथम स्वच्छ धुऊन वाळवावी व तिरप्या उन्हांत पाहावी, किंवा अंधाऱ्या जागीं एका विजेरीच्या प्रकाशांत पाहावी. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडांत बारीक ओरखडे दिसत नाहींत. गॅरेजमध्यें निर्दोष वाटलेली गाडी सकाळीं सदोष कां दिसते, याचें एक कारण हेंच.

दुसरें कारण पॉलिशमधील तेल व मेण हें होय. तीं ओरखड्यांत बसून तात्पुरते ते झांकतात, व दोन-चार धुण्यांनंतर मूळ स्थिति उघडी पडते. म्हणून एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व तीन भाग पाणी असें मिश्रण मऊ कापडावर घेऊन पॉलिश केलेली जागा हलक्या हातानें पुसावी. पुसल्यावर ओरखडे वाढलेले दिसले, तर ते निघाले नव्हते, केवळ झांकले होते. हा स्पिरिट ज्वालाग्राही आहे. जवळ विडी अथवा विस्तव नसावा. नुकत्याच नव्यानें रंगविलेल्या गाडीवर मात्र ही परीक्षा करूं नये, कारण कच्चा रंग तीमुळें बिघडतो.

यानंतर पुढील जाती ओळखाव्या.

(१) विस्कळीत ओरखडे. हे प्रत्यक्षांत वर्तुळाकार नसतात. सर्व दिशांनीं पसरलेले असतात. पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच डोळ्यांकडे चमक फेंकतात, म्हणून सूर्यबिंबाभोंवतीं जाळें विणल्यासारखें भासतें. विजेरी बाजूला सरकवावी. जाळें तिच्याबरोबर सरकलें, तर ओरखडे या जातीचे समजावे. यांचें कारण धूळ होय. रेतीचा कण मुख्यतः गारेचा, व गारेची कठीणता मोहच्या मापानें ७ आहे. क्लिअर तिच्यापुढें फार मऊ आहे. धुळीच्या गाडीवर कोरडें फडकें फिरविलें, किंवा पॉलिश पुसतांना मळकें कापड वापरलें, कीं हे उमटतात.

(२) यंत्राच्या लाटा. लांबट, नागमोडी, एकमेकींना समांतर अशा चकाकत्या पट्ट्या दिसतात. विजेरी हलविल्यास त्यांची चमक पालटते, परंतु पट्ट्यांची जागा पालटत नाहीं. यंत्र ज्या वाटेनें फिरलें ती वाट त्या दाखवितात. एकाच आंसाभोंवतीं गरगर फिरणारें बफिंग यंत्र, लोकरीचें पॅड व जाड कंपाउंड यांनीं काम करून तेथेंच थांबल्याचें हें लक्षण आहे. पॅड सपाट न ठेवतां एका कडेवर टेकविल्यास लाटा अधिक खोल जातात.

(३) सुटीं वेटोळीं. डुकराच्या शेपटासारखीं लहान लहान वेटोळीं मधूनमधून दिसतात. पॅडखालीं अगर पॉलिश पेपरखालीं एखादा खडा सांपडल्याचा हा पुरावा होय. गाडी नीट न धुतां काम सुरू केलें, किंवा जमिनीवर पडलेलें पॅड तसेंच उचलून लावलें, असें समजावें.

(४) धुरकट झांक. वेगळ्या रेषा न दिसतां काळ्या किंवा गडद रंगावर राखाडी धुकें पसरल्यासारखें वाटतें. पॅड अथवा पॉलिश त्या रंगाच्या मानानें जाड होतें, किंवा पॅड जुन्या पॉलिशनें चोंदलें होतें.

(५) खोल ओरखडा. यावरून नख आडवें फिरवावें. नख अडकलें, तर तो पॉलिशनें काढण्याच्या भरीस पडूं नये. बाभळीच्या कांट्यानें अगर तारेनें पडलेल्या ओरखड्यांत बहुधा हीच स्थिति असते. अशा जागीं पत्रा उघडा असल्यास प्रायमर व रंगाचा बारीक हात देऊन गंज रोखावा, एवढेंच पुरे.

उपाय

पहिल्या चार जातींचा उपाय एकाच तत्त्वावर चालतो : ज्या सौम्यांत सौम्य साधनानें काम भागेल, तेंच वापरावें.

गाडी भरपूर पाण्यानें भिजवून सैल माती आधीं वाहूं द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्या. एकींत गाडी धुण्याचा साबण, दुसरींत साधें पाणी. कापड प्रत्येक वेळीं साध्या पाण्यांत खंगाळून मगच साबणांत बुडवावें, म्हणजे गाडीवरची रेती पुन्हां गाडीवर जात नाहीं. धुतल्यावर हात फिरवितां पृष्ठभाग खरखरीत लागल्यास डांबर व चिकटलेले कण क्ले बारनें, भरपूर ओलावा ठेवून, काढावे. कडा, कोंपरे व उठावाच्या रेषा यांवर रंग पातळ असतो; तेथें मास्किंग टेप लावावी.

पुढें सावलींत, पत्रा थंड असतांना, बॉनेटवर हात-दीड हात लांबीरुंदीचा एक चौकोन परीक्षेसाठीं निवडावा. दुहेरी गतीचें, म्हणजे फिरतें व त्याच वेळीं डोलतें असें यंत्र, त्यावर मऊ फोमचें पॅड व बारीक पॉलिश घ्यावें. पॉलिशचे चार-पांच थेंब पुरतात. पॅड सपाट ठेवून, हात सावकाश चालवीत, उभे व आडवे मिळून चार ते सहा फेरे करावे. स्वच्छ मायक्रोफायबर कापडानें पुसून, स्पिरिटच्या मिश्रणानें तेल काढून, उन्हांत पाहावें. ओरखडे गेले असतील, तर साऱ्या गाडीस हेंच साधन लावावें. न गेल्यास पॉलिश तेंच ठेवून पॅड किंचित् कठीण घ्यावें. त्यानेंही न भागलें तरच पॉलिश एक पायरी जाड घ्यावें. जाड पायरी वापरली, तर शेवट पुन्हां मऊ पॅड व बारीक पॉलिश यांनींच करावा. यंत्राच्या लाटा राहतात त्या बहुधा ही शेवटची पायरी गाळल्यामुळें. प्रत्येक चौकोनानंतर पॅड झटकून साफ करावें व तें चोंदल्यास बदलावें.

अखेरीस मेणाचा पातळ हात द्यावा. मेण ओरखडे काढीत नाहीं. तयार झालेल्या पृष्ठभागाचें तें रक्षण करितें. ट्रॅक्टर चमकावा म्हणून डिझेल अगर जुनें तेल फांसण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. तिनें क्षणभर तेज येतें, पण धूळ अधिक चिकटते व पुढच्या पुसण्यांत नवे ओरखडे पडतात.

कोठें थांबावें

क्लिअर असलेल्या गाडीचा रंग पॅडवर उतरूं लागला, कीं क्लिअर संपला असें जाणून यंत्र त्याच क्षणीं बंद करावें. पत्रा हाताला चटका देण्याइतका तापला, तरी थांबावें. यंत्र एकाच जागीं रेंगाळल्यास रंग जळतो. पूर्वीं किती वेळां पॉलिश झालें हें ठाऊक नसल्यास, रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्रानें ठिकठिकाणीं माप घ्यावें. मूळ रंगाच्या गाडीवर शेजारच्या भागांपेक्षां एका जागीं माप बरेंच कमी आलें, तर ती जागा झिजलेली समजून तेथें यंत्र लावूं नये. उरलेला फिकट ओरखडा दिसत राहिला तरी चालेल. थर गेल्यास मात्र नव्यानें रंग देण्यावांचून उपाय नाहीं, आणि त्याचा खर्च पॉलिशच्या कितीतरी पट असतो.

काम गॅरेजकडे द्यावयाचें असल्यास मालकानें तीन गोष्टी आधींच ठरवून घ्याव्या : प्रथम एकाच चौकोनावर काम करून दाखवावें, शेवटचा हात मऊ फोम पॅडनें व्हावा, आणि पैसे देण्यापूर्वीं गाडी स्पिरिटनें पुसून उन्हांत पाहूं द्यावी. सचोटीचा कारागीर यांपैकीं कशासही नाहीं म्हणणार नाहीं.

पोळ्याच्या आधीं बैलाचीं शिंगें साळतांना जाणता शेतकरी वरचें खरबरीत तेवढें काढतो व जिवंत भागाला धार लागूं देत नाहीं. गाडीच्या रंगाविषयीं हाच विवेक ठेवावा. दर दसऱ्याला गाडी स्वच्छ धुवावी, मेण लावावें व पूजा करावी. पॉलिशचें यंत्र मात्र परीक्षेनंतर, गरज दिसेल तेव्हांच हातीं घ्यावें. असें केल्यास गाडीचा मूळ रंग पुष्कळ वर्षें टिकेल, पत्रा शाबूत राहील, आणि विकावयाची वेळ आली तर किंमतही चांगली येईल.