ध्वनिफाईलींचा ताळा : संगणकावरील बिघडलेली गाणी ओळखणे व सावरणे



हजेरीपटावर नाव आहे म्हणून मूल वर्गात आहे, असे आपण धरून चालत नाही. नाव पुकारून 'हजर' असा आवाज ऐकल्यावरच खूण करतो. संगणकातील गाण्यांच्या बाबतीत मात्र ही दक्षता आपल्याकडून राहून जाते. यादीत फाईलचे नाव दिसले की गाणे सुरक्षित आहे, असा आपला समज होतो. हा समज किती महाग पडतो, ते प्रस्तुत लेखकाच्याच हातून घडलेल्या एका चुकीवरून सांगतो.

अणदूर हे खंडोबाचे गाव. देव एक, स्थाने दोन. वर्षातील काही काळ मूर्तीचा मुक्काम अणदूरला, तर काही काळ नळदुर्गला असतो. या परिसरातील एका शाळेच्या मुलांनी भाषेच्या उपक्रमात गावातील एका वृद्ध आजींच्या जात्यावरच्या सात ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या. त्या शाळेच्या संगणकात आणावयाच्या होत्या. पेन ड्राइव्हवर नक्कल उतरत असतानाच मी घाईने तो उपसून काढला. पुढे यादीत सातही नावे दिसली. म्हणून मोबाईलमधील मूळ प्रती पुसून टाकल्या. काही महिन्यांनी बालसभेत ओव्या ऐकवताना सातवी ओवी मध्येच थांबली. तोपर्यंत आजी निवर्तल्या होत्या. मुलांनी विचारले, "उरलेली ओवी कुठे गेली?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अशा ओव्यांचे मोल आपल्या प्रांतात जाणत्यांनी केव्हाच ओळखले आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि २०१७ पासून तो ठेवा 'पारी'च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागला. आपल्या शाळेचा संग्रह लहान असला तरी त्याची काळजी तितकीच घ्यावयास हवी.

१. बिघाड म्हणजे काय?

एमपीथ्री फाईल ही लहान लहान तुकड्यांची माळ असते. सर्वसाधारण गाण्यात असा एक तुकडा सुमारे २६ सहस्रांश सेकंदाचा असतो. मधला एखादा तुकडा खराब झाल्यास आवाजात खटका येतो. शेवटचे तुकडे गळाल्यास गाणे अर्धवट थांबते. मोबाईलवरील ध्वनिमुद्रणाची रचना बहुधा निराळी असते. तेथे फाईलची अनुक्रमणिका ध्वनिमुद्रण थांबविल्यावर अखेरीस लिहिली जाते. त्याआधीच बॅटरी संपली, तर आत आवाज असूनही फाईल उघडत नाही.

बिघाडाची नित्याची कारणे अशी : नक्कल अपुरी राहणे, वीज जाणे, 'सेफली रिमूव्ह' न करता पेन ड्राइव्ह काढणे, जुनी झालेली हार्ड डिस्क आणि खोटी क्षमता दाखविणारी बनावट मेमरी कार्डे.

२. ओळखावे कसे?

(अ) कालावधी पाहावा. राष्ट्रगीतास सुमारे ५२ सेकंद लागतात. २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' १ मिनिट ४१ सेकंदांचे आहे. परिपाठाच्या फाईलीत राष्ट्रगीत ३० सेकंदांचे दिसले, तर शंका घ्यावी.

(आ) आकारमानाचे गणित करावे. १२८ किलोबिट या प्रचलित दराच्या फाईलीत दर सेकंदास १२८ ÷ ८ = १६ किलोबाइट लागतात. म्हणजे ५२ सेकंदांस ५२ × १६ = ८३२ किलोबाइट. फाईल ३०० किलोबाइटचीच असेल, तर तीत जेमतेम १९ सेकंदांचा आवाज आहे. आकार शून्य असल्यास केवळ नावच उरले आहे.

(इ) आरंभ, मध्य व शेवट ऐकावा. पूर्ण कालावधी फाईलच्या आरंभीच नोंदलेला असू शकतो. त्यामुळे तुटलेली फाईलही क्वचित पूर्ण असल्याचे भासते. कानाची साक्ष शेवटची मानावी.

(ई) दुसरीकडे वाजवून पाहावी. एका संगणकावर गाणे वाजले नाही, तर लगेच बिघाडाचा निष्कर्ष काढू नये. 'व्हीएलसी'सारख्या बहुविध फाईली वाजविणाऱ्या प्रणालीत ते अखेरपर्यंत नीट वाजले, तर फाईल बहुधा निर्दोष आहे. उणीव पहिल्या प्रणालीत होती.

३. सावरावे कसे?

प्रथम मूळ ठिकाण शोधावे. मोबाईल किंवा कार्डात निकोप प्रत असेल, तर तीच पुन्हा आणावी. याहून सरस दुरुस्ती नाही. मूळ फाईल पुसली गेली असल्यास त्या कार्डावर नवे काहीही भरू नये. नवी भर पडताच जुन्याचे अवशेष नष्ट होतात. हार्ड डिस्क कुरकुरत असल्यास आधी त्यातील सामग्री बाहेर काढावी, डिस्क तपासणीच्या आज्ञा नंतर द्याव्यात.

दुरुस्तीचा प्रयोग नेहमी नकलेवर करावा. एमपीथ्रीच्या तुकड्यांची मांडणी तपासून सुधारणाऱ्या मोफत प्रणाली उपलब्ध आहेत. अनुक्रमणिका नसलेले ध्वनिमुद्रण त्याच मोबाईलवरील दुसऱ्या निकोप ध्वनिमुद्रणाच्या नमुन्यावरून पुष्कळदा उघडता येते. परंतु जो आवाज फाईलीत लिहिलाच गेला नाही, तो कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही.

४. ताळा आणि प्रती

गणित सोडविल्यावर आपण ताळा पाहतो. फाईलीचाही ताळा काढता येतो; त्यास 'हॅश' म्हणतात. 'शा-२५६' पद्धतीने प्रत्येक फाईलीची ६४ चिन्हांची ओळख तयार होते आणि आत एका अक्षराचा फरक पडला तरी ती ओळख पार बदलते. विंडोजमधील 'सर्टयुटिल' या आज्ञेने ती मिळते. मूळ व नक्कल यांची ओळख जुळली, तरच नक्कल बिनचूक समजावी आणि ही ओळख वहीत नोंदवून ठेवावी. मात्र मूळच बिघडलेले असेल, तर ताळा जुळूनही नक्कल बिघडलेलीच राहते. म्हणून आधी ऐकावे, मग ताळा घ्यावा.

खंडोबाची मूर्ती दोन गावांत एकच असली, तरी आवाजाच्या प्रती एकाहून अधिक असाव्यात : एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर.

स्वाध्याय

१. शाळेच्या संगणकातील परिपाठाची सर्व गीते अखेरपर्यंत ऐकून नाव, कालावधी, आकारमान व शेरा असा तक्ता करा.

२. इयत्ता पाचवीच्या मुलांकडून १०१ सेकंदांच्या राज्यगीताच्या फाईलीचे आकारमान १२८ किलोबिट दराने काढून घ्या.

३. गावातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे गाणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. ते त्यांनाच संपूर्ण ऐकवा आणि तिन्ही प्रती तपासून होईपर्यंत मूळ प्रत पुसू नका.

तिसरा स्वाध्याय या सत्रातच करावा, ही विनंती. फाईल पुन्हा करता येते. गाणारा कंठ नेहमीच पुन्हा भेटतो असे नाही.