पोटात उजेड कसा पोहोचतो?

“डॉक्टरसाहेब, पोटात पेटता दिवा सोडतात म्हणे! आतून भाजलं तर?” गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या महिनाभर खाणाऱ्या एका आजोबांचा हा प्रश्न. दोन दिवस शौचास डांबरासारखे काळे होत होते, तरी दुर्बिणीच्या तपासणीला ते तयार होईनात.

मी त्यांना अर्ध्या मिनिटाचा प्रयोग दाखवला. आपणही करून पाहावा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तो डोळ्यांपेक्षा थोडा वर धरा आणि पेल्याच्या बाजूने, खालून तिरके, पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहा. तो चांदीसारखा चमकतो. वर धरलेला चमचा मात्र त्यातून दिसत नाही. पाण्यातून हवेकडे निघालेला किरण फार तिरका, म्हणजे पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त कोन करून आला, की तो बाहेर पडतच नाही. सगळा आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. काचेसाठी हा कोन सुमारे ४२ अंश असतो.

दुर्बिणीत केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. प्रत्येकावर कमी अपवर्तनांकाच्या काचेचा थर असतो. त्यामुळे आत शिरलेला किरण पुन्हा पुन्हा परावर्तित होत, नळी वाकली तरी दुसऱ्या टोकाला पोहोचतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेल्याचे प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये अमेरिकेत बॅसिल हर्शोविट्झ यांनी अशी लवचिक दुर्बीण प्रथम स्वतःच्याच घशाखाली उतरवली!

आता नळीच्या टोकाला बहुधा चिमुकला कॅमेरा असतो. उजेड मात्र बहुतेक दुर्बिणींत तंतूंतूनच जातो. तापणारा दिवा बाहेर, पेटीत राहतो. नळी साधारण करंगळीएवढी जाड असते. एरवी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घशात बधिर करणारे औषध फवारतात. थोडी मळमळ होते, पण श्वास चालू राहतो आणि नुसती तपासणी पाच-दहा मिनिटांत आटोपते.

आजोबा हसले आणि तयार झाले. त्याच दिवशी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. जठरात व्रण निघाला, त्यातून रक्त झिरपत होते. त्याच नळीतून उपचार करून रक्तस्राव थांबवला. पोटावर एक टाकाही पडला नाही.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

• रक्ताची उलटी किंवा शौचास डांबरासारखे काळे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्यावा.

• घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, वारंवार उलट्या होणे किंवा उतारवयात प्रथमच अपचन सुरू होणे, यांवर नुसती आम्लपित्ताची औषधे घेत बसू नये.

• वेदनाशामक गोळ्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

दुर्बिणीला घाबरून घालवलेले दिवस दुर्बिणीपेक्षा फार महाग पडतात.