व्हिडिओ गेमचे वेष्टनचित्र : आकर्षण आणि विश्वास

ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या उद्योगांसाठीचे धोरण महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केले. या क्षेत्राकडे वळणाऱ्या तरुण-तरुणींचे लक्ष साहजिकच गेमची आज्ञावली, चलच्चित्रे आणि ध्वनी यांवर केंद्रित झालेले असते. ग्राहक मात्र यांपैकी काहीही अनुभवण्याआधी एक लहानसे चित्र पाहतो. पूर्वी ते पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेले असे. आता ते संगणकावरील अथवा मोबाईलवरील दुकानात दिसते. त्या चित्रावर नजर थांबली नाही, तर कित्येक महिने खपून तयार केलेला गेम न उघडताच मागे पडतो. असे असूनही हे काम बहुधा शेवटच्या आठवड्यावर ढकलले जाते.

‘रेट्रो’ क्रीडा-गेमच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड होतो. १९७० व १९८० च्या दशकांतील गेमच्या धाटणीवर आज हेतुपुरस्सर तयार केलेल्या गेमना रेट्रो म्हणतात. त्यांतील खेळाडू मोजक्या चौकोनी ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असतात. वेष्टनावर हुबेहूब, घामाने निथळणारा खेळाडू रंगविला तर ग्राहकाची फसवणूक होण्याचा संभव असतो. नुसते ठिपके मांडले तर गेम दरिद्री वाटतो. या पेचातून मार्ग काढण्याचे प्रयत्न जुन्या काळीच झाले होते आणि ते समजून घेणे आजही उपयुक्त आहे.

रंगचित्रातील खेळाडू, पडद्यावरील पट्ट्या

अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे आपले प्रसिद्ध यंत्र बाजारात आणले. त्याबरोबर आलेल्या गेममध्ये ‘व्हिडिओ ऑलिंपिक्स’ हा एक होता. त्यात पन्नास प्रकार होते खरे, परंतु ते सारे एकाच मूळ कल्पनेचे फेरफार होते. सरकणाऱ्या पट्ट्या आणि त्यांवर आपटून उसळणारा एक चौकोनी चेंडू, एवढाच पडद्यावरचा पसारा होता. सीअर्स या दुकानसमूहाने तोच गेम ‘पाँग स्पोर्ट्स’ या नावाने विकला आणि हे नाव वस्तुस्थितीला अधिक धरून होते, असे म्हणावे लागेल. खोक्यावर मात्र मैदानी खेळ खेळणाऱ्या खेळाडूंची भरदार रंगचित्रे होती. अटारीच्या आरंभीच्या वेष्टनांची ही शैली घडविण्यात क्लिफ स्पॉन या चित्रकाराचा वाटा मोठा होता.

या चित्रांना सरसकट फसवी म्हणणे अन्यायाचे होईल. त्या यंत्राला पडद्याच्या रुंदीत केवळ १६० ठिपके मांडता येत; फिरणाऱ्या आकृतीची रुंदी आठ ठिपक्यांची. एवढ्या सामग्रीत माणूस उभा करणे कठीण होते. त्यामुळे पट्टीच्या जागी टेनिसपटू पाहावा, असे वेष्टनचित्र खेळणाऱ्याला सुचवीत असे. कल्पनेला दिलेला तो आधार होता. परंतु ही सूट फार काळ टिकणारी नव्हती. १९८२-८३ च्या सुमारास अनेक कंपन्यांनी घाईघाईने गेम काढले. दर्शनी चित्र सुरेख आणि आतला गेम सुमार, असा अनुभव ग्राहकांना वारंवार येऊ लागला. १९८३ साली अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्याची कारणे अनेक होती, पण उडालेला विश्वास हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होते.

दरम्यान निराळा मार्गही दिसू लागला होता. अटारीतून बाहेर पडलेल्या आज्ञावलीकारांनी १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. ‘बॉक्सिंग’, ‘स्कीइंग’, ‘टेनिस’ अशा त्यांच्या गेमच्या खोक्यांवर एकरंगी पार्श्वभूमी आणि गेममधीलच दृश्याचे सोपे, ठसठशीत रूप असे. पुढे निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८५ साली अमेरिकेत प्रवेश केला, तेव्हा दुकानदार आणि पालक दोघेही व्हिडिओ गेमकडे साशंकतेने पाहत होते. कंपनीने आरंभीच्या खोक्यांसाठी काळा रंग निवडला आणि त्यावर गेममधील ठिपक्यांच्या आकृतीच मोठ्या करून छापल्या. ‘बेसबॉल’, ‘टेनिस’, ‘गोल्फ’ या गेमवर ‘क्रीडा मालिका’ अशा अर्थाची ओळही होती. आत जे आहे तेच बाहेर दाखविले होते. फक्त ते नेमके निवडून, तिरप्या मांडणीत, अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उजळ करून मांडले होते.

आपल्याकडे १९९० च्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला शहरोशहरी विकल्या जात. त्यांच्या ‘कॅसेट’वर ‘९९९९ इन १’ असे आकडे झळकत आणि आत तेच मोजके गेम नावे बदलून पुनःपुन्हा येत. त्या पिढीतील ग्राहक आज स्वतः कमावता आहे आणि रेट्रो गेमचा मोठा चाहताही आहे. वेष्टनावरील वचनाकडे तो काहीशा सावधपणे पाहत असेल, तर त्यात नवल नाही.

लहान आकाराची कसोटी

पुठ्ठ्याचे खोके हातात घेऊन न्याहाळता येत असे. आजच्या दुकानात ती सवड नाही. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या दुकानासाठी ९२० बाय ४३० ठिपक्यांचे मुख्य शीर्षचित्र, ७४८ बाय ८९६ चे उभे चित्र, ४६२ बाय १७४ चे लहान चित्र अशी अनेक मापे द्यावी लागतात. मोबाईलसाठी गुगल प्लेवर ५१२ बाय ५१२ चे बोधचित्र आणि १०२४ बाय ५०० चे आडवे चित्र लागते. एकच चित्र कापून-छाटून सर्वत्र बसविण्याचा मोह होतो आणि बहुतेक चित्रे तिथेच बिघडतात. आडव्या चित्रात खेळाडू एका बाजूस व नाव दुसऱ्या बाजूस शोभते. उभ्या चित्रात खेळाडूने पूर्ण उंची व्यापावी आणि नाव वर किंवा खाली जावे. प्रत्येक मापासाठी स्वतंत्र मांडणी करणे हाच उपाय आहे.

स्टीमवरील लहान चित्र काही याद्यांमध्ये १२० बाय ४५ ठिपक्यांपर्यंत आक्रसते, म्हणजे जवळजवळ चौथाई होते. समजा, जुन्या धाटणीचा क्रिकेटचा गेम आहे. मूळ चित्रात चार ठिपके रुंदीचा स्टंप इथे जेमतेम एका ठिपक्याचा उरतो. दोन स्टंपांमधील फट बुजते आणि विकेटच्या जागी एक धूसर डाग दिसतो. तेव्हा ओळख पटविण्याचे काम स्टंपांवर सोपवू नये. वर उचललेली बॅट, पुढे टाकलेला पाय आणि हिरव्यावर उठून दिसणारी खेळपट्टीची मातकट पट्टी एवढ्याने क्रिकेट ओळखू येते. अकरा खेळाडू, पंच, प्रेक्षक आणि चषक यांची गर्दी केल्यास काहीच ओळखू येत नाही. एक खेळाडू, एक चेंडू, एक कृती पुरेशी असते.

कृतीचा क्षण निवडताना चेंडू बॅटला लागण्याच्या किंचित आधीचा क्षण घ्यावा. त्या क्षणी चेंडू मोकळ्या जागेत असतो, म्हणून तो वेगळा दिसतो. शिवाय पुढे काय होणार, ही उत्सुकता चित्रातच राहते. चेंडूभोवतीची जागा एकाच गडद रंगाची ठेवावी. क्रीडा-गेमच्या यादीत मैदानाचा हिरवा रंग इतक्या चित्रांवर असतो की हिरव्यात हिरवे मिसळून जाते. संध्याकाळचे जांभळे आकाश किंवा प्रकाशझोतातील काळी रात्र योजिली, तर चित्र शेजाऱ्यांपासून वेगळे पडते. चित्र रंगहीन करून पाहिल्यास खेळाडू आणि पार्श्वभूमी यांच्यात पुरेसा उजेड-अंधार आहे की नाही, हे लगेच कळते.

ठिपक्यांचे शिस्तबद्ध काम

जुन्या निन्टेन्डो यंत्रावर हलणाऱ्या आकृतीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी तीनच रंग मिळत. ही मर्यादा वेष्टनचित्रावरही स्वेच्छेने पाळली, तर चित्राला त्या काळाचा चेहरा येतो. आकृती मोठी करताना ती दुप्पट, तिप्पट, आठपट अशी पूर्णांकातच करावी. अडीचपट केली तर काही ठिपके दोन घरांचे आणि काही तीन घरांचे होतात आणि खेळाडूचा एक पाय दुसऱ्याहून जाड दिसू लागतो. एकाच चित्रात लहान आणि मोठे ठिपके मिसळणे, किंवा ठिपक्यांच्या खेळाडूमागे छायाचित्रासारखे गुळगुळीत मैदान पसरणे, हे जाणकार ग्राहकाच्या नजरेतून सुटत नाही. चित्र जेपीईजी पद्धतीने साठविल्यास ठिपक्यांच्या कडांभोवती धूसर डाग उमटतात. पीएनजी पद्धतीत कडा स्वच्छ राहतात.

खेळाडू हाताने रंगवावयाचाच असेल, तर त्यालाही हरकत नाही. मात्र त्याचा पोशाख, रंग आणि पवित्रा गेममधील आकृतीशी जुळावा. चित्र पाहून आत आलेल्या ग्राहकाला आपला खेळाडू पडद्यावर ओळखता आला पाहिजे.

अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ठिपक्यांची अक्षरे लहान आकारात वाचता येत नाहीत, म्हणून नाव छोटे असावे आणि अक्षरांना जाड बाह्यरेषा असावी. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे वर-खाली अधिक जागा लागते. इंग्रजी नावासाठी आखलेल्या पट्टीत मराठी नाव कोंबल्यास मात्रा छाटल्या जातात. पुरस्कार, परीक्षणातील गुण, सवलतीची घोषणा असा मजकूर स्टीमच्या नियमांप्रमाणे सप्टेंबर २०२२ पासून या चित्रांवर घालता येत नाही. गेमचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. चित्रकाराच्या दृष्टीने हा नियम उपकारकच ठरला आहे.

हक्क आणि करार

खऱ्या संघांची बोधचिन्हे किंवा नामवंत खेळाडूंचे चेहरे परवानगीवाचून वापरता येत नाहीत. भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ लागू आहे. ही अडचण जुनीच आहे. १९८९ साली निन्टेन्डोच्या यंत्रावर आलेल्या ‘टेकमो बोल’ या अमेरिकन फुटबॉलच्या गेमला खेळाडूंच्या संघटनेची अनुमती होती, लीगची नव्हती. त्यामुळे खेळाडूंची नावे खरी, पण संघ केवळ शहरांच्या नावाने ओळखले जात. त्याच परंपरेतील ‘रेट्रो बोल’ हा गेम २०२० साली लीगच्या अनुमतीवाचूनच, शहरांच्या नावांवर लोकप्रिय झाला. लीगचे नाव धारण करणारी त्याची आवृत्ती २०२४ साली आली. शहराचे नाव आणि स्वतः योजिलेले दोन रंग यांवर चाहत्याची ओळख पटते, असा याचा अर्थ आहे.

चित्रकाराशी होणारा करारही लेखी असावा. त्यात सर्व मापांची यादी, थर वेगवेगळे असलेली मूळ प्रत आणि दुरुस्त्यांची संख्या नमूद करावी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरित असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते समजले जाते. ऑनलाइन दुकानातील गेम पहिल्याच दिवशी परदेशांतही विक्रीस जातो, म्हणून करारात ‘संपूर्ण जग’ हे शब्द आहेत की नाहीत, हे सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.