संवादाचे नियोजन : किल्लारीच्या पुनर्वसनातील धडा

हैदराबादच्या विद्यानगर भागातून उस्मानिया विद्यापीठाचे आवार ओलांडून पूर्वेस गेले की उप्पल मार्गावर राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था लागते. १९९३ च्या भूकंपानंतर या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधन घेऊन भूगर्भाचा अभ्यास केला. काळ्या कातळाचे थर तेथे सुमारे ३३८ मीटर जाडीचे असून त्यांखाली अतिप्राचीन खडक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. हे ज्ञान मोलाचे खरेच. परंतु किल्लारी परिसरातील शेतकऱ्यापुढचा प्रश्न निराळा होता. ज्या भिंतीच्या आडोशाला मुले निजवायची, ती भिंत पुन्हा धक्का बसल्यास उभी राहील काय, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शास्त्रज्ञाकडून अभियंत्याकडे, अभियंत्याकडून गवंड्याकडे आणि तेथून घराघरात पोचणे, हे आपोआप घडत नाही. इमारतीप्रमाणेच संवादाचाही आराखडा आखावा लागतो.

आपत्ती आणि कार्यक्रम

लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने व्यापक पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्याची दोन प्रमुख अंगे होती. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची होती. आणि अन्य शेकडो गावांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी शासकीय अनुदानातून स्वतः करावयाचे होते. हानीच्या प्रमाणानुसार हे अनुदान १७ हजार अथवा ३४ हजार रुपये असून ते हप्त्याहप्त्याने मिळावयाचे होते.

एकच संदेश सर्वांना पुरत नाही

या दुसऱ्या कामात किती निरनिराळ्या घटकांचा संबंध होता ते पाहावे. घरमालकाला अनुदान किती व केव्हा मिळणार हे हवे होते. गवंड्याला भिंतीच्या आरपार जाणारा दगड किती अंतरावर बसवावा आणि दारे-खिडक्यांवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा कसा ओतावा, हे समजून घ्यावयाचे होते. कनिष्ठ अभियंत्याला काम नियमानुसार झाल्याची खात्री हवी होती. तहसील कार्यालयाला यादी, बँकेला खाते आणि अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थेला प्रगतीचा अहवाल हवा होता. घरातील गृहिणीला मात्र काय हवे आहे, हे प्रारंभी कोणी फारसे विचारले नव्हते.

या सर्वांस एकच छापील परिपत्रक पाठविले, तर ते कोणाच्याच पुरते उपयोगी पडत नाही.

याखेरीज एक अडचण कागदावर दिसणारी नव्हती. दगडानेच आप्तांचे प्राण घेतले, अशी लोकांची भावना झाली होती. ‘दगडी भिंत बळकट करता येते’ हे तांत्रिक दृष्ट्या खरे असले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात भीती असताना ते पटणे कठीण होते. त्यामुळे अनेकांनी जुने घर बळकट करण्याऐवजी अनुदानातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधणे पसंत केले. अशा वेळी लोकांना अज्ञानी ठरवून भागत नाही. शंकेचे मूळ जाणून प्रत्यक्ष काम करून दाखविणे हाच मार्ग असतो. आरपार बसविलेला दगड आणि एकमेकांत गुंफलेले कोपरे डोळ्यांनी पाहिले की व्याख्यानापेक्षा अधिक उमज पडते.

संवाद सहायक

काम लोकांच्या हाती गेल्याशिवाय गती येणार नाही, हे ध्यानी घेऊन शासनाने लोकसहभागाची जबाबदारी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे सोपविली. संस्थेने एक हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांच्या साहाय्याने स्थानिक स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. बैठका घेणे, अनुदानाचे नियम समजावून सांगणे, बांधकामाची माहिती घरोघर पोचविणे आणि अडलेली प्रकरणे अभियंत्यापुढे व अधिकाऱ्यांपुढे मांडणे, ही त्यांची कामे होती.

या योजनेचे मर्म दुहेरी वाहतुकीत आहे. निर्णय वरून खाली येत आणि शंका खालून वर जात. एरवी चावडीवरील चर्चेपासून दूर राहणाऱ्या स्त्रिया घराच्या बांधणीविषयी अभियंत्यास प्रश्न विचारू लागल्या. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर मराठवाड्यातील स्त्रियांनी गुजरातेत जाऊन तेथील भगिनींस आपला अनुभव सांगितला.

जेथे उणीव राहिली

स्थलांतरित गावांचा अनुभव तितका सरळ नाही. तेथे जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. रुंद रस्ते व सरळ ओळींची ही वसाहत सुरक्षित होती; परंतु जुन्या गावातील वाडा, अंगण, शेजार व गुरांची सोय तीत पुरेशी सामावली नाही, अशी खंत अनेक ठिकाणी व्यक्त झाली. नकाशा कागदावर असताना बदलणे सोपे असते. पाया भरल्यावर तसे नसते. म्हणून विचारणा केव्हा करावी, हा नियोजनातील कळीचा प्रश्न आहे. मोठ्या सभेत सर्वच बोलतात असे नाही; भूमिहीन, वृद्ध व स्त्रिया यांच्यासाठी वेगळी, लहान बैठक घ्यावी लागते.

नियोजनाची सूत्रे

शाळेची इमारत, पाझर तलाव वा पाणीपुरवठा योजना, कोणतेही काम हाती घेताना पुढील बाबी प्रथमच लिहून काढाव्यात :

१. या कामाचा परिणाम कोणाकोणावर होणार? जे सभेला येत नाहीत, त्यांची नावेही यादीत घ्यावीत.

२. प्रत्येकास नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे आणि त्याची भीती कोणती?

३. माहिती कोणाच्या तोंडून गेल्यास विश्वास बसेल?

४. ती केव्हा द्यावी? निर्णय होण्यापूर्वी दिल्यास ती विचारविनिमय ठरते, नंतर दिल्यास केवळ सूचना.

५. लोकांचे म्हणणे कोणाकडे परत येईल आणि त्याचे उत्तर किती दिवसांत मिळेल?

यांपैकी पाचवी बाब बहुधा विसरली जाते. उत्तर न मिळालेला प्रश्न अफवेचे रूप घेतो आणि अफवा चांगल्या कामाचाही पाया पोखरते. किल्लारीच्या दगडी भिंतींत दोन बाजूंना बांधणारा आरपार दगड नव्हता, म्हणून त्या फुटल्या. शासन आणि जनता यांच्यामध्ये असा दुवा बसविणे, हेच संवादाच्या नियोजनाचे कार्य होय.

अभ्यासासाठी

१. आपल्या गावात चालू असलेल्या एका कामाशी संबंधित सर्व घटकांची यादी करा.

२. त्यांपैकी कोणास आजवर काहीच विचारले गेले नाही, ते शोधा आणि त्यांची विचारणा कोण करील ते ग्रामसभेत ठरवा.